साडेसहाशे सीसीची क्रूझर मराठवाड्यातील रस्त्यांसाठी घ्यावी का?

प्रश्न : अंबाजोगाईकर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे सध्या रॉयल एनफिल्डची मेटिऑर ३५० ही मोटारसायकल आहे आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तरीही त्याच कंपनीची सुपर मेटिऑर ६५० ही मोठी क्रूझर (खालची सीट आणि पाय पुढे ठेवायची बैठक असलेली गाडी) घ्यावी, असे बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. माझी उंची पाच फूट चार इंच असून वय पन्नाशीच्या जवळ आले आहे. आठवड्यातून एकदा तरी लातूरला जाणे होते, महिन्याकाठी केज-मांजरसुंबा-बीड मार्गे छत्रपती संभाजीनगरला जातो आणि वर्षातून एखादा लांबचा प्रवास सपत्नीक करतो. शेत गावापासून आत आहे व तिकडचा रस्ता निम्मा डांबरी, निम्मा मुरमाचा आहे.

कागदावरचे आकडे मी वाचले आहेत. इंजिन ६४८ सीसीचे, दोन सिलिंडरचे. ताकद ४७ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ५२.३ न्यूटन-मीटर, वजन २४१ किलो आणि सीटची उंची ७४० मिलिमीटर. परंतु आपल्याकडचा एप्रिल-मे महिन्यातील उन्हाळा, गावोगावचे गतिरोधक आणि काळ्या मातीवर बांधलेले रस्ते यांचा अंदाज आकड्यांवरून येत नाही. ज्यांनी ही गाडी किंवा या वर्गातील गाडी मराठवाड्यात प्रत्यक्ष चालवली आहे, त्यांनी आपले मत सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : गेवराईवाला

सर, मी ही गाडी वापरतो आणि ती मला मनापासून आवडते. म्हणूनच जे लिहितो ते कौतुकापुरते ठेवत नाही.

सर्वांत आधी रस्त्यांविषयी, कारण निर्णय तिथेच व्हायचा आहे. आपल्या मेटिऑर ३५० चा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचे पोट आणि जमीन यांतील अंतर, १७० मिलिमीटर आहे. सुपर मेटिऑरचा १३५ आहे. हा साडेतीन सेंटिमीटरचा फरक ऐकताना किरकोळ वाटतो. परंतु आपल्याकडे गावाच्या वेशीवर लोकांनी स्वतःच घातलेले जे उंच आणि अरुंद गतिरोधक असतात, त्यांच्यावरून डबलसीट आणि सामानासह जाताना गाडीचे पोट घासण्याची शक्यता याच साडेतीन सेंटिमीटरमुळे निर्माण होते. दोन्ही चाकांमधील अंतर १,५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या गाडीपेक्षा दहा सेंटिमीटर जास्त असल्यामुळे हा धोका आणखी वाढतो. एकट्याने, जवळजवळ थांबून, किंचित तिरके जाऊन गाडी काढता येते. मात्र शेताच्या मुरमाच्या रस्त्यावर, जिथे चाकोरी खोल आणि मधला भाग उंच असतो, तिथे ही गाडी रोज नेण्याची कल्पना मला पटत नाही. त्या रस्त्यासाठी जुनी गाडी किंवा एखादी साधी शंभर सीसीची गाडी घरी असलेली बरी.

दुसरी बाब शॉकअपची. मागच्या चाकाला मिळणारी हालचाल १०१ मिलिमीटर आहे. सीट इतकी खाली ठेवायची म्हटल्यावर मागच्या चाकाला फार जागा उरत नाही आणि क्रूझर प्रकारच्या बहुतेक गाड्यांमध्ये ही तडजोड करावीच लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता वर्षा-दोन वर्षांत लाटांसारखा होतो. खड्डा दिसतो आणि चुकवता येतो, पण ही लाट दिसत नाही. साध्या बैठकीच्या गाडीवर माणूस फुटरेस्टवर भार देऊन किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे असे उठता येत नाही आणि धक्का थेट माकडहाडापर्यंत पोहोचतो. आपले वय लक्षात घेता कंबरेचा काही जुना त्रास असेल, तर या एका मुद्द्यावर थांबून विचार करावा.

आता जिथे ही गाडी खरोखर उत्तम आहे, ते सांगतो. बीड ते छत्रपती संभाजीनगर किंवा बीड ते धाराशिव हा राष्ट्रीय महामार्ग ५२ चा चौपदरी रस्ता या गाडीला अगदी मानवतो. चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे ४७ पीएस ताकदीचा उपयोग वेगासाठी करायचाच नाही. तिचा खरा उपयोग असा की त्याच वेगात इंजिन निवांत असते आणि चढावर किंवा मालट्रकला ओलांडताना गिअर खाली न घेता, नुसती मूठ पिळून गाडी सरळ पुढे निघते. मांजरसुंब्याच्या घाटात डबलसीट चढताना ३५० आणि ६५० यांतील अंतर जितके स्पष्ट कळते, तितके सपाट रस्त्यावर कळत नाही. शिवाय उघड्या माळावरचा आडवा वारा आणि समोरून येणाऱ्या बसचा झोत हलक्या गाडीला जसा ढकलतो, तसा या २४१ किलोंच्या गाडीला ढकलू शकत नाही. लांबच्या प्रवासात खांदे आणि मनगटे यांवर येणारा ताण त्यामुळे बराच कमी होतो.

टायर ट्यूबलेस आहेत, हेही मी फार महत्त्वाचे मानतो. केज ते मांजरसुंबा या पट्ट्यात रात्री पंक्चर झाले, तर ट्यूब काढून देणारा माणूस शोधण्यापेक्षा छिद्रात रबरी दोरा भरून पुढे निघणे कितीतरी सुरक्षित आहे.

उत्तर : परभणीचा वाटसरू

वरील मताशी मी सहमत आहे. केवळ उन्हाळ्याविषयी भर घालतो. हे इंजिन हवा आणि तेल यांनी थंड होते. महामार्गावर त्याचा त्रास जाणवत नाही, परंतु लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या जालना रोडवर मे महिन्याच्या दुपारी अडकलात, तर मांड्यांना आणि पिंढऱ्यांना झळ लागतेच. याहून मोठा प्रश्न स्वाराच्या शरीराचा आहे. हवा बेचाळीस अंशांची असते तेव्हा ती त्वचेपेक्षा उष्ण असते. अंगावर येणारा वारा स्वतः उष्णताच देतो आणि घाम भराभर सुकवून शरीरातील पाणी कमी करतो. जाळीदार जॅकेटच्या आत ओला सुती शर्ट घालावा, उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत मुक्कामी पोहोचावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. गाडी कोणतीही असो, परभणी-नांदेडच्या उन्हात हा नियम मोडू नये.

उत्तर : लातूरची स्वार

नमस्कार दादा. मी ही गाडी स्वतः चालवते आणि पतीच्या मागे बसूनही पुष्कळ फिरले आहे. वहिनींच्या बाजूने कोणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून लिहिते.

मागच्या शॉकअपचा धक्का चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्याला अधिक लागतो, कारण मागची बैठक जवळजवळ चाकाच्या डोक्यावर असते. या गाडीच्या सेलेस्टियल या प्रकारात रुंद सीट, पाठीला टेकण्यासाठी आधार आणि समोर उंच काच कंपनीकडूनच बसवून मिळते. वर्षातून एकदा का होईना, पण दोघांनी लांब जायचे असेल तर तोच प्रकार घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मागच्या शॉकअपचा ताण कमी-जास्त करता येतो. दोघे बसणार असतील त्या दिवशी तो वाढवून घ्यावा आणि परतल्यावर पुन्हा कमी करावा. पुष्कळ जण हे काम सर्व्हिसिंगपर्यंत लांबणीवर टाकतात आणि मग गाडीलाच कडक म्हणतात.

उंचीची काळजी करू नका. माझी उंची तुमच्यापेक्षा कमी आहे, तरीही दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतात. तुमच्या सध्याच्या गाडीची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, म्हणजे ही तिच्याहूनही खाली आहे. गाडी एकदा चालू लागली की वजन जाणवत नाही. जाणवते ते अंगणात मागे ढकलताना आणि उतारावर तोंड खाली करून उभी केल्यावर. त्यामुळे गाडी लावतानाच बाहेर पडण्याचा विचार करून लावण्याची सवय करावी. पावसाळ्यात काळ्या मातीवर साइड स्टँड हळूहळू रुततो आणि काही वेळाने गाडी कलंडते. त्यासाठी एक सपाट पत्र्याचा तुकडा डिकीत ठेवते.

प्रश्न : अंबाजोगाईकर

आपण तिघांनीही इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. कंबरेचा त्रास आजवर नाही. दोन शंका अजून उरल्या आहेत. नव्या जीएसटीनंतर ही गाडी किमतीच्या मानाने परवडणारी राहिली आहे का? आणि येत्या हिवाळ्यात आम्ही दोघे नागपूरला जाणार आहोत. समृद्धी महामार्गावर मोटारसायकलला परवानगी नसल्यामुळे कोणत्या रस्त्याने जावे?

उत्तर : गेवराईवाला

सर, कराचा हिशोब स्पष्ट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांवर, जिथे उपकर धरून ३१ टक्के होता, तिथे ४० टक्के झाला. करापूर्वीची किंमत तीन लाख धरली, तर केवळ या बदलाने सत्तावीस हजार रुपये वाढतात. एकीकडे आपली ३५० ची गाडी स्वस्त झाली आणि दुसरीकडे ही महाग झाली, त्यामुळे दोघींमधील दरी पूर्वीपेक्षा बरीच रुंदावली आहे. आपल्या वापरात लातूरच्या फेऱ्या आणि शेत हाच मोठा भाग असता, तर मी आपल्याला आहे तीच गाडी ठेवायला सांगितले असते. संभाजीनगरच्या फेऱ्या नियमित आहेत आणि वहिनींसह लांब जाण्याची ओढ आहे, म्हणून मी घ्या म्हणतो. मात्र शेतासाठी जुनी गाडी ठेवण्याच्या अटीवर.

नागपूरसाठी अहमदपूरला येऊन राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरावा. लोहा, नांदेड, अर्धापूर, उमरखेड, यवतमाळ, वर्धा असा तो थेट बुटीबोरीला निघतो. टाकी १५.७ लिटरची आहे. महामार्गावर २२ ते २५ चे अ‍ॅव्हरेज धरले, तरी तीनशे किलोमीटरच्या आतच पेट्रोल भरून घ्यावे. हिवाळा म्हणजे ऊसगाळपाचा हंगाम. अंधार पडल्यावर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात आणि समोरच्या वाहनाच्या उजेडात त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. एवढ्या वजनाची गाडी डबलसीट असताना ऐन वेळी साइडपट्टीवर उतरवणे अवघड असते. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी यवतमाळला मुक्काम करावा आणि उरलेला रस्ता दुसऱ्या दिवशी सकाळी करावा.

पैसे भरण्यापूर्वी चाचणीसाठी गाडी मिळेल, तेव्हा वहिनींना सोबत न्यावे आणि शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर न थांबता, दोन-चार गतिरोधक असलेल्या जवळच्या एखाद्या गावापर्यंत जाऊन यावे. विक्रेता नाही म्हणाला, तर दुसऱ्या शहरातील शोरूममध्ये विचारावे, पण ही फेरी केल्याशिवाय बुकिंग करू नये.