मदत हवी आहे: बूटलोडरसाठी क्वांटम-सुरक्षित सही कोणती निवडू?

आमच्या सेन्सरची नवी आवृत्ती येतेय. कॉर्टेक्स-एम४ चिप, ६४ केबी रॅम, ५१२ केबी फ्लॅश, बॅटरीवर चालणारं, आणि एकदा बसवलं की दहा-बारा वर्षं कोणी हात लावणार नाही. आत्ता बूटलोडर (उपकरण सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) फर्मवेअरची, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरची, डिजिटल सही ईसीडीएसए पी-२५६ ने तपासतो; ही पद्धत मोठ्या क्वांटम संगणकापुढे टिकणार नाही. सही तपासायची पब्लिक की लिहिण्यापासून लॉक केलेल्या भागात आहे, म्हणजे नंतर बदलता येणार नाही. खरी गोची हीच. डेटासाठी एईएस-२५६ एन्क्रिप्शन आहेच, त्याची चिंता नाही.

की-एक्स्चेंजसाठी (दोन्ही बाजूंत गुप्त की ठरवायला) क्वांटम-सुरक्षित एमएल-केईएम-५१२ चालवून पाहिलं, रॅममध्ये बसलं. सहीसाठी क्वांटम-सुरक्षित एमएल-डीएसए-४४ घेतलं तर आत्ताची ६४ बाइटची सही थेट २४२० बाइटची होते. तेही चालेल, अपडेट वर्षातून दोन-तीनदाच जातं. एसएलएच-डीएसए या दुसऱ्या क्वांटम-सुरक्षित पद्धतीची लहानात लहान सही ७८५६ बाइट, म्हणून ते बाजूला ठेवलं.

आता मन एलएमएसकडे ओढतंय (या पद्धतीत प्रत्येक सहीला वेगळी, एकदाच वापरायची वन-टाइम की लागते). पब्लिक की ५६ बाइटची, आणि सुरक्षा फक्त हॅश फंक्शनवर टेकलेली. पण एकच वन-टाइम की चुकून दोनदा वापरली गेली की खेळ खलास, आणि आमचा साइनिंग सर्व्हर बॅकअपवरून रिस्टोर होत असतो, म्हणजे वापरलेली की पुन्हा वापरली जाऊ शकते (हो, माहितीय). एचएसएम (की सुरक्षित ठेवणारं वेगळं हार्डवेअर) घ्यायला अजून मंजुरी नाही. चिप बदलणं शक्य नाही.

एलएमएस प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगावं: एचएसएमशिवाय स्टेट (कोणत्या वन-टाइम की वापरून झाल्या याची नोंद) कशी सांभाळता? की अशा परिस्थितीत ईसीडीएसए आणि एमएल-डीएसए अशा दोन्ही सह्या तपासणं जास्त शहाणपणाचं?