उमाजी नाईक: दरोडेखोर की क्रांतिवीर?

‘ज्यांनी गावे लुटली, त्यांची जयंती सरकारी कचेऱ्यांत कशाला?’ हा उमाजी नाईकांच्या जयंतीवर घेतला जाणारा आक्षेप मला मुळीच पटत नाही. पुरंदर किल्ल्याच्या राखणीचे वंशपरंपरागत काम आणि त्यावरचे हक्क हिरावले गेल्यावर उमाजींचा रामोशी समाज इंग्रजांविरुद्ध बंड करून उठला, ही पार्श्वभूमी वगळून केवळ लूट मोजणे अन्यायाचे आहे. शिवाय ज्या कॅप्टन मॅकिंटॉशच्या लेखनाचा आधार त्यांना दरोडेखोर ठरवताना नेहमी घेतला जातो, तो उमाजींच्या मागावर असलेला इंग्रज अधिकारीच होता. लुटीची झळ रयतेलाही बसली, हे मी नाकारत नाही. परंतु ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात खडकमाळ आळीत फाशी दिल्यावर त्यांचा मृतदेह पिंपळाला टांगून ठेवण्यात आला, त्यावरून इंग्रजांनी त्यांचा किती धसका घेतला होता, हे उघड दिसते.