सिसेरोवरच्या कादंबरीतला व्हेरेसचा खटला खरंच असा झाला होता का?

रातवाचक:
सध्या प्राचीन रोमचा वकील आणि राजकारणी सिसेरो कसा वर आला यावरची एक ऐतिहासिक कादंबरी वाचतोय, निम्मी झालीये आणि खाली ठेववत नाहीये. प्राचीन रोम म्हटलं की लढाया नाहीतर सीझरचा खून एवढंच वाचलं होतं, इथे सगळा थरार कोर्टात आणि निवडणुकीत आहे. हाताशी ना सैन्य, ना बापजाद्यांचं नाव, नुसत्या बोलण्याच्या जोरावर हा माणूस चढत जातो आणि ते वाचताना छाती धडधडते अक्षरशः. पण व्हेरेसच्या खटल्यापाशी शंका आली. समोर हॉर्टेन्सियससारखा रोमचा एक नंबरचा वकील, ज्युरीत सगळे सेनेटर म्हणजे व्हेरेसच्याच जातकुळीतले, तरी काही दिवसांत व्हेरेस पळून जातो? हे लेखकाने रंगवलंय का? आणि मतदानाचं ते सेंच्युरी प्रकरण कोणी नीट समजावेल का, माझ्या डोक्यावरून गेलं.

जुनी_पानं:
नाही, रंगवलेलं नाहीये, खटल्याचा सांगाडा इतिहासातलाच आहे. इ.स.पू. 73 ते 71 व्हेरेस सिसिलीचा गव्हर्नर होता, देवळातल्या मूर्तीसुद्धा सोडल्या नाहीत त्याने, शेतकऱ्यांकडून धान्य उकळलं आणि गावियस नावाच्या रोमन नागरिकाला सिसिलीतल्या मेसाना शहरात क्रूसावर चढवलं, तेही इटलीचा किनारा दिसेल अशा जागी. सिसेरोने कोर्टात 4 कोटी सेस्टर्सच्या (रोमन नाणी) लुटीचा आरोप केला. शिवाय त्याने सांगितलं की व्हेरेस स्वतःच म्हणायचा, पहिल्या वर्षाची कमाई माझी, दुसऱ्या वर्षाची माझ्या वकिलांची आणि तिसऱ्या वर्षाची, म्हणजे सगळ्यात मोठी, न्यायाधीशांसाठी!

आता खरी गंमत तारखांमध्ये आहे, ती लक्षात आली की तो प्रसंग दुप्पट आवडेल तुम्हाला. खटला इ.स.पू. 70 मध्ये 5 ऑगस्टला उभा राहिला. 16 तारखेपासून सेनापती पॉम्पेने नवसाचे खेळ ठेवले होते, त्यानंतर एकामागून एक सणवार, म्हणजे कोर्ट बंद. हॉर्टेन्सियस पुढच्या वर्षासाठी कॉन्सल (रोमचं सर्वोच्च पद, दरवर्षी दोघे निवडले जात) म्हणून निवडून आला होता, त्याचा जोडीदार कॉन्सल व्हेरेसच्या बाजूचा मेटेलस, आणि त्या मेटेलसचाच भाऊ नव्या वर्षात याच कोर्टाचा अध्यक्ष होणार होता. म्हणजे खटला नुसता लांबवला की व्हेरेस सुटलाच. हे ओळखून सिसेरोने काय केलं तर रिवाजाप्रमाणे लांबलचक भाषण करायचंच टाळलं, थोडक्यात बोलला आणि थेट साक्षीदार उभे करायला सुरुवात केली. त्या आधी 50 दिवस सिसिलीभर फिरून पुरावे गोळा केले होते, ते सगळं एकदम बाहेर आलं आणि हॉर्टेन्सियसकडे उत्तरच उरलं नाही. व्हेरेस निकालाआधीच मसिलियाला निघून गेला, म्हणजे आजचं मार्सेय. जी जळजळीत भाषणं प्रसिद्ध आहेत त्यातली बहुतेक कोर्टात झालीच नाहीत, त्याने ती नंतर लिहून प्रसिद्ध केली. मला वाटतं इतक्या मोठ्या वक्त्याने ऐन मोक्याला भाषण आवरतं घेतलं हाच त्याच्या हुशारीचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

नकाशेवाली:
मतदानाचं मी सांगते. कॉन्सल निवडताना माणसागणिक मत मोजत नव्हते, गटागणिक मोजायचे. एकूण 193 गट, त्यांनाच सेंच्युरी म्हणायचे, आणि प्रत्येक गटाचं एक मत. गट पडायचे संपत्तीवर. घोडेस्वार वर्गाचे 18 आणि पहिल्या श्रेणीतल्या श्रीमंतांचे 70, म्हणजे 88 इथेच झाले, जिंकायला 97 पुरे. आणि ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा हजारो लोकांना मिळून एकच गट! वरच्यांचं एकमत झालं की खालच्यांची पाळी यायच्या आतच निकाल लागायचा. चिठ्ठी टाकून एका गटाला सगळ्यात आधी मत द्यायला लावत आणि त्याचा कौल लोक शुभशकुन मानत, म्हणून बाकीचे गट बऱ्याचदा तिकडेच झुकायचे. इ.स.पू. 139 पासून मतदान मेण लावलेल्या पाट्यांवर गुप्तपणे व्हायचं, पण पैसे वाटप थांबलं नाही, त्यासाठी ठरलेले दलाल असायचे.

म्हणूनच आर्पिनम या छोट्या गावातून आलेल्या सिसेरोचं कॉन्सल होणं एवढं मोठं आहे, ज्या घरात आधी कोणी मोठ्या पदावर नव्हतं अशा नव्या घरातला माणूस तिथे पोचून 30 वर्षं झाली होती. तो क्वेस्टर, ईडाईल, प्रेटर, कॉन्सल अशी प्रत्येक पायरी चढला आणि 63 चं कॉन्सलपद कायद्याने शक्य तितक्या कमी वयात मिळवलं.

ठाम_मत:
वरचं सगळं बरोबर आहे पण "नुसत्या बोलण्याच्या जोरावर" याला माझा विरोध आहे. बायको टेरेन्शिया श्रीमंत घरातली होती हे विसरू नका. आणि 66 मध्ये प्रेटर असताना त्याने पॉम्पेला पूर्वेच्या युद्धाचे अफाट अधिकार द्यायच्या कायद्याच्या बाजूने भाषण केलं, जो माणूस आयुष्यभर रिपब्लिकच्या नावाने बोलला त्यानेच एका सेनापतीच्या हातात एवढी ताकद द्यायला मदत केली कारण त्याला पॉम्पेच्या लोकांची मतं हवी होती. 65 मध्ये तर कॅटिलिनाचं वकीलपत्र घ्यायचा विचार चाललाय असं त्याने आपला मित्र अ‍ॅटिकसला पत्रात लिहिलंय, होय तोच कॅटिलिना, ज्याचा कट पुढे कॉन्सल असताना सिसेरोनेच उघड केला! मला ही कादंबरी आवडली ती याचसाठी, प्रत्येक पायरीवर तो काय सोडत गेला ते दिसतं. व्हेरेसपर्यंत वाचून त्याला हिरो ठरवू नका, पुढचा अर्धा भाग जास्त भारी आहे.

रातवाचक:
सगळ्यांचे खूप आभार, तारखांचं गणित कळल्यावर तो भाग परत वाचला आणि आता प्रत्येक तहकुबीला जीव वर-खाली होतो. आणि गोष्ट सांगणारा टिरो, सिसेरोचा गुलाम आणि चिटणीस? तो तरी काल्पनिक असेल ना?

जुनी_पानं:
टिरोही खरा. सिसेरोने त्याला इ.स.पू. 53 मध्ये गुलामीतून मुक्त केलं, त्याला लिहिलेली पत्रं आजही वाचायला मिळतात, तब्येतीची इतकी काळजी केलीये त्यात की मालकाने लिहिलंय असं वाटतच नाही. भाषण ऐकता ऐकता उतरवून घ्यायची जी लघुलिपी त्याच्या नावाने ओळखली जाते ती युरोपात मध्ययुगातही वापरात होती. त्याने सिसेरोचं चरित्रसुद्धा लिहिलं होतं, ते हरवलं. कादंबरीकाराने त्यालाच निवेदक केलं ते म्हणूनच.