मदत हवी आहे: आरासच्या स्मारकावरच्या वॉल्टर टलच्या नावाचा फोटो

मंडळी, पॅरिस किंवा उत्तर फ्रान्समध्ये कुणी राहतं का? शाळेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी वॉल्टर टलवर भित्तिपत्रक करतेय.

टल इंग्लंडमधला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू; आधी टॉटनहॅम, नंतर नॉर्थम्प्टन क्लबचा खेळाडू. वडील कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाहून आलेले सुतार. आईवडील लवकर गेले, पोर लंडनच्या अनाथाश्रमात वाढलं. १९०९ मध्ये ब्रिस्टलच्या प्रेक्षकांनी रंगावरून घाणेरड्या शिव्या घातल्या, तरी गडी डगमगला नाही. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर डिसेंबर १९१४ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या मिडलसेक्स रेजिमेंटमधल्या फुटबॉलपटूंच्या बटालियनमध्ये भरती झाला. गोऱ्यांनाच अधिकारी करायचं असा लष्कराचा नियम असताना १९१७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला, हे मला फार मोठं वाटतं!

२५ मार्च १९१८ रोजी तो लढाईत पडला. लेस्टरचा माजी गोलकीपर टॉम बिलिंगहॅमने भर गोळीबारात त्याला ओढून आणायची धडपड केली, पण जर्मन अगदी जवळ आले होते. देह सापडलाच नाही, म्हणून थडगंही नाही.

उत्तर फ्रान्समधल्या आरासच्या स्मारकावर त्याच्यासारख्या, थडगं नसलेल्या सुमारे ३५ हजार सैनिकांची नावं आहेत. मिडलसेक्स रेजिमेंटखाली टलचं नाव शोधून, अक्षरं वाचता येतील असा जवळून फोटो कुणी काढून देईल का? पॅरिसहून आरासला थेट रेल्वे आहे. व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी चालेल.