मदत हवी आहे : बोली इंडोनेशियनमधला 'इन' प्रत्यय

नमस्कार मंडळी, जकार्तात राहिलेल्या किंवा इंडोनेशियन सहज बोलणाऱ्या कुणाचं तरी मार्गदर्शन हवंय.

पुस्तकी भाषेतली प्रयोजक रूपं अवघड वाटत नाहीत. 'जातुह' म्हणजे पडणे, 'मन्जातुहकान' म्हणजे पाडणे. आपल्याकडे पडणे-पाडणे, बसणे-बसवणे आहेच.

गाडी अडते ती रोजच्या बोलण्यात. तिथे 'कान' जाऊन 'इन' येतो : 'मातिइन लाम्पुन्या', दिवा बंद कर. पण 'इ' या वेगळ्या प्रत्ययाची जागाही हाच 'इन' घेतो. 'मनाइक्कान' म्हणजे वर चढवणे, वाढवणे, आणि 'मनाइकि' म्हणजे एखाद्या गोष्टीवर स्वतः चढणे. बोलीत दोन्हींचं 'नाइकिन'. त्याहून नाजूक प्रकरण झोपण्याचं. 'मनिदुरकान' म्हणजे झोपवणे, 'मनिदुरि' म्हणजे कुणाशी शरीरसंबंध ठेवणे, आणि बोलीत दोन्हीकडे 'निदुरिन'! बाळाला झोपवतेय असं शेजारणीला सांगायचं, तर हेच वापरतात की घरात दुसरं एखादं क्रियापद रुळलंय? मला ही गोष्ट नक्की कळायलाच हवी.

दुसरं म्हणजे, 'गुए जातुहिन' आणि 'गुए ङजातुहिन' ('गुए' म्हणजे मी) यांत बोलणाऱ्याला काय फरक जाणवतो? आज्ञा करताना 'ङ' लागत नाही आणि कर्मणीत 'दिजातुहिन' होतं, एवढं समजलंय. साध्या विधानात मात्र कधी कोणतं निवडायचं ते उमगत नाही.

नियमापेक्षा घरातली, बाजारातली खरी वाक्यं दिलीत तर जास्त उपयोग होईल. सुराबाया किंवा बालीकडे वेगळं बोलत असतील तर तेही सांगा.