साहेब आणि त्यांच्या हाताखालची नायिका : न रुचणाऱ्या प्रेमकादंबऱ्या वाचाव्यात का?

राजारामपुरीतील वाचक (धागाकर्ती)

आमच्या दहा-बारा जणींच्या वाचनगटाने यंदा असे ठरवले की, स्वतःहून कधीच हाती घेतले नसते असे एखादे पुस्तक प्रत्येकीने वाचायचे आणि त्यावर मनापासून बोलायचे. नायक नायिकेपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा आणि कार्यालयात तिचा वरिष्ठ, अशा धाटणीच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या माझ्या वाट्याला आल्या. मी आजवर करवीर नगर वाचन मंदिरातून आणली ती बहुतेक चरित्रे, आत्मचरित्रे आणि ऐतिहासिक कादंबऱ्याच. त्यामुळे पहिल्या कादंबरीची चाळीस पाने वाचून मी ती मिटून ठेवली होती. तरीही गटाला शब्द दिला होता म्हणून ती पूर्ण केली आणि नंतर आणखी दोन वाचल्या.

ती चाळीस पाने मला का सोसवली नाहीत, याचा मी नंतर बराच विचार केला. वयातील मोठे अंतर म्हटले की आपल्या मनात प्रथम जरठ-कुमारी विवाह उभा राहतो. देवलांचे ‘शारदा’ 1899 मध्ये रंगभूमीवर आले, आणि आपल्या कोल्हापुरातील नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे त्या केशवराव भोसल्यांना बालवयात शारदेच्या भूमिकेनेच कीर्ती मिळाली. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप आणि त्या मुलीची भीती हे चित्र आपल्याकडे सव्वाशे वर्षे टिकून आहे, आणि ते टिकले हे चांगलेच झाले. पण मी वाचलेल्या कादंबऱ्यांतील नायिका सव्वीस ते तीस वर्षांच्या, शिकलेल्या, स्वतःचे भाडे स्वतः भरणाऱ्या होत्या, आणि त्यांना कोणी विकले नव्हते. तिसऱ्या कादंबरीपर्यंत माझ्या लक्षात आले की, नायकाच्या कानशिलावरचे पांढरे केस मला खुपत नव्हते. तिच्या वेतनवाढीच्या कागदावर त्याची सही लागते, हे मला खुपत होते. माझ्या मनातील या दोन गोष्टी इतकी वर्षे एकमेकींत मिसळलेल्या होत्या आणि त्या वेगळ्या झाल्या त्या केवळ न आवडणारे पुस्तक नेटाने वाचल्यामुळे. म्हणून माझे मत असे की, ही पुस्तके आपल्यासारख्यांनीही वाचावीत. आपणा सर्वांना काय वाटते?

गोकुळ शिरगावच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करणारी

ताई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर बाळगूनही मला तुमच्याशी स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. मी सात वर्षे एका कारखान्याच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालानंतर आणि पुढे 2013 च्या कायद्यानंतर दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी ही समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असते, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य स्त्रिया असतात आणि एक व्यक्ती बाहेरची असते. हा कायदा कार्यालयातील प्रेमाला बंदी करत नाही. वर्तन त्या स्त्रीला नकोसे होते का, एवढेच तो विचारतो. आणि नोकरीत लाभ देण्याचे किंवा नुकसान करण्याचे उघड शब्दांत सांगितले नसले, नुसते सूचित केले असले, तरी ते या कायद्याच्या कक्षेत येते.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. कादंबरीत ते वर्तन नकोसे आहे की हवेसे, हे वाचकाला पहिल्याच प्रकरणात ठाऊक असते, कारण नायिकेचे मन लेखिकेने उघडून ठेवलेले असते. ती गप्प राहिली तरी त्या गप्प राहण्याखाली तिची ओढ लिहिलेली असते. आमच्यासमोर बसणाऱ्या मुलीच्या गप्प राहण्याखाली काहीही लिहिलेले नसते. घरचे कर्ज, धाकट्या भावाची फी, उद्याची पाळी कोणाच्या हाताखाली लागेल याची धास्ती, हे सारे विचारून विचारून बाहेर काढावे लागते. तक्रारीसाठी सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची मुदत असते आणि त्यातला बराचसा काळ त्या मुली स्वतःलाच दोष देण्यात घालवतात. ‘ती काही बोलली नाही, म्हणजे तिला चालत होते’ हे वाक्य मी समितीसमोर अनेकदा ऐकले आहे, आणि बोलणारा दर वेळी पुरुषच होता असे नाही. तरुण मुली अशी वीस-वीस पुस्तके वाचून वरिष्ठाच्या अधिकारालाच प्रेमाची खूण समजू लागल्या, तर त्याचा भार कोणी उचलायचा? ती वाचावीत असा आग्रह धरण्याइतके त्यांत काय आहे, हे मला अजून कळलेले नाही.

शिवाजी पेठेतील निवृत्त शिक्षक

वय आणि अधिकार या दोन गोष्टी धागाकर्त्या ताईंनी वेगळ्या केल्या खऱ्या, पण आपल्या समाजात त्या इतक्या सहज वेगळ्या होत नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या सेवेत होते आणि रानड्यांचे बालपण व सुरुवातीचे शिक्षण याच गावात झाले. 1873 मध्ये पहिली पत्नी वारल्यावर, स्वतः विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही, वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. ते तेव्हा एकतीस वर्षांचे होते. पुढे त्यांनीच रमाबाईंना शिकवले, म्हणजे पती, गुरू आणि वयाने वीस वर्षांनी मोठा माणूस हे तिन्ही अधिकार एकाच ठिकाणी आले. रमाबाईंच्या 1910 च्या आठवणींत पतीविषयीची भक्ती ओतप्रोत आहे आणि ती खोटी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र ती भक्ती वाचताना, या मुलीला दुसरे काही वाटण्याची मुभा होती का, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो. वय वाढल्याने येणारा मान हाही आपल्याकडे अधिकारच असतो, मग सही कोणाचीही असो.

शाहूपुरीतून, वय चोवीस

या पुस्तकांच्या वाचकांविषयी इथे बोलणे चालले आहे, म्हणून त्यांच्यापैकी एकीने उत्तर द्यायला हवे असे वाटले. मी महाविद्यालयात असल्यापासून ती वाचते आणि माझ्या बहुतेक मैत्रिणीही वाचतात. शेवट सुखाचा होणार हे आम्हाला पहिल्या पानापासून माहीत असते. तो या लेखनप्रकाराचा करारच आहे. त्यामुळे शेवटी काय होईल या प्रश्नावर आमचे लक्ष नसते. त्याने तिला कसे विचारले, ती ‘नाही’ म्हणाली तेव्हा तो थांबला का, तिने विभाग बदलून घेतला की नोकरी सोडली, हे आम्ही बारकाईने पाहतो आणि त्यावरून भांडतो. नायिकेनेच प्रत्येक वेळी राजीनामा द्यायचा आणि साहेबांची खुर्ची जागच्या जागी राहायची, अशा शेवटांवर आमच्यात जितका राग निघतो, तितका समितीवरच्या ताईंनी क्वचितच ऐकला असेल.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगते. माझ्यासाठी आलेल्या स्थळांपैकी दोन मुलगे माझ्याहून नऊ आणि अकरा वर्षांनी मोठे होते, आणि ‘मुलगा नोकरीत स्थिरावलेला आहे’ या एका वाक्यावर घरातील सर्व मोठी माणसे समाधानी होती. तिथे कोणालाही अस्वस्थ वाटले नाही. नायिकेला स्वतःच्या इच्छेने मोठ्या वयाचा पुरुष आवडला, की मात्र आपल्याला लगेच समाजाची काळजी वाटू लागते. या कादंबऱ्यांत निदान तिला काय हवे आहे हे तीनशे पाने विचारले जाते. मला ते अर्ध्या तासाच्या चहापोह्यांत विचारले गेले, तेही बाहेर दारापाशी सगळे उभे असताना.

मंगळवार पेठेतील वाचक

शाहूपुरीच्या ताईंनी काढलेला राजीनाम्याचा मुद्दा मला या चर्चेतील सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो नवा नाही. ‘जेन एअर’ ही 1847 मधील इंग्रजी कादंबरी या साऱ्या पुस्तकांची पूर्वज म्हणता येईल : अठरा वर्षांची शिक्षिका, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा मालक आणि त्याच्याच घरात तिची नोकरी. त्याची पहिली बायको जिवंत असल्याचे लग्नाच्या वेळीच उघड होते आणि जेन ते घर सोडून निघून जाते. पुढे तिला काकांचे वीस हजार पौंड मिळतात, ते ती आपल्या तीन नातलगांसह वाटून घेते, आणि मगच ती परतते. तोवर त्याची दृष्टी गेलेली असते आणि ती त्याच्याकडे नोकर राहिलेली नसते. वयाचे अंतर एका दिवसानेही कमी झालेले नाही, पण लेखिकेने पैसा आणि आधार देण्याची ताकद या दोन्ही गोष्टी जेनच्या बाजूला नेल्याशिवाय त्यांचे लग्न लावलेले नाही. समितीवरच्या ताईंनी ही पुस्तके नाकारण्यापेक्षा त्यांना हीच कसोटी लावावी, असे मला सुचवावेसे वाटते.

गोकुळ शिरगावच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करणारी

कसोटी मला मान्य आहे. परंतु वारशाचे वीस हजार पौंड आमच्या फौंड्रीतील मुलीला मिळत नाहीत, म्हणून माझा प्रश्न उरतोच : नायिकेचे मन आपल्याला वाचायला मिळाले नसते, तर तिच्या नुसत्या बोलण्यावरून आपण काय ठरवले असते?

राजारामपुरीतील वाचक (धागाकर्ती)

या प्रश्नासाठी मी काल रात्री तिसरी कादंबरी पुन्हा काढली. साहेब तिला प्रथमच कामानंतर जेवायला थांबवतात, ते प्रकरण मी तिच्या मनातील मजकुरावर कोरा कागद ठेवून, केवळ तिने तोंडाने उच्चारलेली वाक्ये वाचत गेले. नऊ पानांत अशी चारच वाक्ये निघाली : ‘हो, सर.’ ‘चालेल.’ ‘काही हरकत नाही.’ ‘घरी कळवते, उशीर होईल.’ पहिल्या वाचनात हे प्रकरण मला कोवळे वाटले होते. कागद ठेवल्यावर त्यातून होकारही वाचता येईना आणि नकारही वाचता येईना. समितीवरच्या ताईंचे म्हणणे मला तिथे पटले, आणि ही पुस्तके वाचू नयेत हे तरीही पटले नाही, कारण ती चार वाक्ये मला याच पुस्तकात सापडली. रविवारच्या बैठकीत हेच प्रकरण मी गटापुढे आधी फक्त संवाद आणि नंतर संपूर्ण, असे दोनदा वाचणार आहे. शाहूपुरीच्या ताईंनी आणि समितीवरच्या ताईंनी, दोघींनीही यावे.