पाव-सान्ना सोडल्याने अंगातली यीस्ट जाते का?

फोंडेकरीण

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. थकवा, पोट फुगणं, अंगाला खाज, डोकं जड होणं, सारखं गोड खावंसं वाटणं, या सगळ्याचं मूळ म्हणे ‘अंगात वाढलेली यीस्ट’. उपाय काय, तर पाव, सान्ना (तांदळाची आंबवलेली इडली), फळं, साखर आणि आंबवलेलं सगळं बंद. सकाळी उपाशीपोटी खोबरेल. निदानही घरीच: उठल्याउठल्या पाण्याच्या ग्लासात थुंकायचं आणि थुंकीचे धागे खाली उतरले की यीस्ट वाढली असं समजायचं. माझ्या दोन मावश्यांनी हे सुरूही केलंय, आणि त्यातल्या एकीला मधुमेह आहे. म्हणून लिहिते.

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. कँडिडा नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, धडधाकट माणसाच्याही तोंडात, आतड्यात, कातडीवर, योनीमार्गात असते. तिला पूर्ण हाकलायचं नसतंच. अँटिबायोटिकने शेजारचे जिवाणू मेले, रक्तातली साखर वाढली, स्टिरॉइड चालू आहे, गरोदरपण आहे, प्रतिकारशक्ती खालावली आहे किंवा कातडी सतत ओली राहते, अशा वेळी ती फोफावते. म्हणजे शोधायचं ते कारण. थुंकीचे धागे लाळेतल्या चिकट द्रव्याचे असतात, कँडिडाशी त्यांचा संबंध नाही.

थकवा म्हणजे यीस्ट, ही कल्पना 1980च्या दशकात अमेरिकेत पसरली. तिथेच ती तपासलीही गेली. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा तक्रारी असलेल्या बायकांना निस्टॅटिन हे यीस्टवरचं औषध आणि औषध नसलेली गोळी आलटून पालटून दिली. योनीमार्गाचा त्रास औषधाने जास्त कमी झाला. थकवा, उदासी वगैरे अंगभरच्या तक्रारींत मात्र औषध बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

आणि आपल्याकडचं एक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. देशाचा आकडा 11.4. जांघेत, स्तनांखाली, काखेत वरचेवर लाल चट्टे येत असतील तर ग्लासात थुंकत बसू नका, आधी साखर तपासा. माझं मत स्पष्ट आहे: हे ‘कँडिडा डाएट’ माणसाला खऱ्या कारणापासून लांब नेतं.

डिचोलीची_सून

ताई, तुमचं शास्त्र बरोबर असेल, पण तुमचा सूर मला पटला नाही. वर्षभर मला वरचेवर अंगावरून पांढरं जायचं आणि असह्य खाज सुटायची. दर वेळी दवाखान्यात जायचे, टेबलापलीकडूनच विचारपूस व्हायची, तीच एक गोळी लिहून मिळायची. एकदाही तपासलं नाही, साखर बघू या असं कुणी म्हटलं नाही. शेवटी मीच गोड बंद केलं, पाव बंद केला, रोज घरचं दही खाऊ लागले, नायलॉनचे आतले कपडे टाकून सुती घेतले. त्यानंतर त्रास खूप कमी झाला. आता हा सगळा भ्रम आहे असं मला कुणी सांगू नये.

डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत तेव्हा बाई मेसेजवरच विश्वास ठेवणार. त्या मेसेजवर रागावण्याआधी तिचं ऐकून कोण घेतं ते बघा.

औषधवाला_म्हापसा

दोघींच्या बोलण्यात जे राहिलं ते काउंटरपलीकडून सांगतो.

मधुमेहाच्या ज्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, डापाग्लिफ्लोझिन आणि त्या जातीच्या, त्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही उपयोगी आहेत. पण लघवीत साखर उतरली की तिथल्या यीस्टला आयतं खाद्य मिळतं. बायकांना खाज, पुरुषांना शिश्नाच्या टोकाशी लाली आणि पांढरा थर. 2020 साली डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि स्वस्त गोळ्या आल्या, तेव्हापासून घेणारेही वाढले. ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिलं विचारतो, ‘साखरेची नवी गोळी सुरू झाली का?’ गोळी आपल्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करायची सवय लावली तरी बराच फरक पडतो.

दुसरं, ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणणारे. लोकांना हवी असते ती स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेली ट्यूब. स्टिरॉइडने दोन दिवसांत लाली उतरते, माणूस खूश होतो, पण खाली बुरशी पसरतच राहते. जांघेची कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे पट्टे उमटलेले मी पाहिले आहेत. चिठ्ठीशिवाय मी ती ट्यूब देत नाही, म्हणून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. जाऊ दे.

यीस्टवरची फ्लुकोनाझोलची गोळीही मागून घ्यायची नव्हे. गरोदरपणात ती टाळतात, त्याऐवजी योनीमार्गात ठेवायचं क्लोट्रिमाझोल देतात. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर ती या गोळीबरोबर जोर धरते.

सांखळीकर

मला इथे वेगळं म्हणायचं आहे. नैसर्गिक म्हटलं की लगेच अंधश्रद्धा, हे बरोबर नाही. खोबरेलात लॉरिक आणि कॅप्रिलिक आम्लं असतात आणि ती बुरशी मारतात, हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात उंदरांना खोबरेलयुक्त आहार दिला, तर त्यांच्या आतड्यातली कँडिडा कमी झाली. लसणातल्या अ‍ॅलिसिनचंही तसंच. आपल्या आज्या तान्ह्या मुलाच्या जांघेला खोबरेल लावायच्या, ते काय उगाच? जेवणात सोलकढी, ताक, नारळ, हळद हे सगळं असताना आपण गोळ्यांच्या मागे का धावावं? प्रत्येक खाजेला अँटीफंगल, म्हणजे बुरशीचं औषध, घेऊन घेऊनच तर औषधांना न जुमानणारी बुरशी तयार होते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली धोकादायक बुरशींची यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात कँडिडा अल्बिकन्सही आहे. मग औषध जपून वापरा म्हणणारा मूर्ख कसा?

फोंडेकरीण

सांखळीकर, मूर्ख मी कुणालाही म्हटलेलं नाही. औषध जपून वापरावं हे मलाही मान्य आहे, म्हणूनच तर आधी तपासा म्हणते.

पण प्रयोगशाळेतल्या बशीत मेलेली बुरशी आणि अंगातली बुरशी यांत फार अंतर आहे. उंदरांच्या त्या प्रयोगात खोबरेल हा सगळ्या आहाराचा मोठा भाग होता, सकाळचा एक चमचा नव्हे. लसणाच्या गोळ्या बायकांना देऊन पाहिल्या, योनीमार्गातली कँडिडा कमी झाली नाही. अँटिबायोटिकबरोबर लॅक्टोबॅसिलस हे दह्यातल्यासारखे उपयोगी जिवाणू घेतल्याने पुढचा यीस्टचा त्रास टळतो का, हे ऑस्ट्रेलियात पाहिलं, 2004 साली निकाल आला, टळत नाही असा. दही जरूर खावं, पचनाला चांगलं, पण त्याच्या भरवशावर उपचार लांबवू नये. सोलकढीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं तेही सांगते. चट्ट्याच्या कडेची कातडी हलकेच खरवडायची, काचेवर घेऊन तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. कातडीच्या पेशी हळूहळू पारदर्शक होतात, बुरशी तशीच राहते. कँडिडा असेल तर लहान अंडाकृती पेशी दिसतात, काहींना कोंब फुटलेला, काही लांबून साखळीसारख्या जोडलेल्या. गजकर्ण असेल तर आडवे पडदे असलेले लांब धागे. दोन्हींची औषधं आणि उपचाराची मुदत वेगळी. खाजवणाऱ्याला मात्र दोन्ही सारखीच वाटतात.

पांढरं जाण्याचंही तसंच. दह्याच्या कवड्यांसारखं, फारसा वास नसलेलं आणि खाज असेल तर यीस्ट असू शकते. माशासारखा वास येत असेल तर बहुधा जिवाणूंचा त्रास, तिथे यीस्टचं औषध काही करणार नाही. अमेरिकेत यीस्टचं औषध स्वतःहून विकत घेणाऱ्या बायकांना तपासलं, तेव्हा नुसती यीस्ट सुमारे एक तृतीयांश जणींनाच निघाली.

पोदेराचो_शेजारी

पावाला का बदनाम करता, ते तरी कुणी सांगा. पावातली यीस्ट सॅकरोमायसिस, ती कँडिडा नव्हे, आणि भट्टीत ती मरतेच. पूर्वी आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, माडाच्या सुराने, म्हणजे माडीने, पीठ फुगवायचे, सान्नाला आजही सूर लागतो. पिढ्यान् पिढ्या हेच खाल्लं. पाव खाऊन बुरशी झाली असती तर सगळा बार्देश आणि सासष्टी खाजवत बसली असती.

डिचोलीची_सून

शेजारी, तुमचं यीस्टचं म्हणणं पटलं. पण मी पाव सोडला तो मैद्यासाठी. सकाळी दोन पाव, चहाबरोबर बिस्किटं, संध्याकाळी परत पाव, एवढा मैदा पोटात गेला तर साखर वाढणारच ना?

फोंडेकरीण

हो, आणि इथे तुमचं माझं जमतं. ज्यांची साखर वाढलेली आहे त्यांनी मैदा कमी केला की साखर उतरते आणि यीस्टचं खाद्यही कमी होतं. पण निरोगी माणसांना मुद्दाम जास्तीची साखर देऊन पाहिलं, तेव्हा आतड्यातली कँडिडा फारशी वाढली नव्हती. म्हणून सरसकट सगळ्यांना फळंही बंद करायला सांगणं मला धोक्याचं वाटतं. माझी मावशी मधुमेहाची गोळी घेऊन फळं, भाकरी, सगळं सोडून बसली, तर तिची साखर एकदम खाली जाऊ शकते. त्या मेसेजमध्ये याबद्दल एक ओळही नाही.

सत्तरीची_नर्स

ताई, तपासणी करा म्हणणं फोंड्यात सोपं आहे. आमच्याकडे बाईला त्यासाठी अर्ध्या दिवसाचं काम सोडून बसने वाळपईला यावं लागतं, आणि समोर पुरुष डॉक्टर असला तर ती ‘पोटात दुखतंय’ म्हणून परत जाते. मग घरी लसणाची पाकळी आत ठेवणं, जंतुनाशक पाण्यात घालून धुणं असले प्रकार होतात. आतली नाजूक त्वचा भाजून निघाल्यावर त्या येतात, तेव्हा मूळ दुखणं कुठलं तेही कळत नाही. त्यांना शास्त्र सांगून काय करायचं? आत काहीही ठेवू नका, साबणाने आतून धुऊ नका, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. बाकी बाई डॉक्टर ज्या दिवशी असते तो दिवस त्यांना कळवणं आमचं काम.

पेडणेकर_काका

पावसाळ्याबद्दल कुणीच बोललं नाही. जुलैत दोरीवरचे कपडे वाळतच नाहीत, पोरं दमट चड्डी घालून शाळेत जातात. कपड्याला शेवटी इस्त्री फिरवली की ओल जाते. बुटांना एक दिवस विश्रांती, पाय पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या. शेतात चिखलात उभं राहणाऱ्याला चिखल्या होतातच, तिथे डाएट काय करणार?

आणि आमच्या वयाच्यांसाठी: दम्याचा स्टिरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकायची, कवळी रात्री काढून घासून ठेवायची. या दोन गोष्टी न केल्याने जिभेवर पांढरा थर धरतो. तो पुसला की खाली लालबुंद. गिळताना दुखू लागलं तर घरी थांबू नये.

डिचोलीची_सून

काका, इस्त्रीचं आजपासूनच. फोंडेकरीण ताई, साखर तपासून घेते. पण दही आणि सुती कपडे मी सोडणार नाही, आणि न तपासता गोळी लिहिणाऱ्यांवरचा राग तर मुळीच सोडणार नाही. वर्षात तीन-चारदा त्रास झाला तर डॉक्टरांकडे नेमकं काय मागायचं, ते लिहा.

फोंडेकरीण

राग सोडूच नका. न बघता त्याच गोळीची चिठ्ठी दिली तर विचारा, ‘तपासल्याशिवाय कशी देता?’ वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात, तिथे एका गोळीने भागत नाही. योनीमार्गातल्या स्रावाची तपासणी आणि कल्चर (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघणं) करून मागा, म्हणजे कँडिडाची कुठली जात आहे ते कळतं. काही जातींवर फ्लुकोनाझोल नीट चालत नाही. नेहमीची जात असेल तर डॉक्टर आधी काही मात्रा देऊन पुढे सहा महिने आठवड्याला एक गोळी देतात. साखरेसाठी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करा, त्याला उपाशीपोटी जावं लागत नाही, कामावर जाता जाता रक्त देता येतं. आणि स्राव द्यायला किंवा कातडी खरवडायला येताना आधीचे काही दिवस तिथे कुठलंही मलम लावू नका. मलम लावून आलेल्याच्या काचेवर कित्येकदा काहीच सापडत नाही, आणि माणूस ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून घरी जातो.